ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात एकाच सिंगलचे (सुट्या गाण्याचे) पाच-सहा रिमिक्स असतात. ते कोणत्या क्रमाने ऐकावेत?

आधी मूळ गाण्याचं एक्स्टेंडेड मिक्स, म्हणजे पूर्ण लांबीची आवृत्ती ऐका. रेडिओसाठी छोटं केलेलं रेडिओ एडिट नको. तीन-साडेतीन मिनिटांत बसवताना त्यात बहुतेकदा ब्रेकडाउनही आखडला जातो, आणि ट्रान्सचा जीव तिथेच असतो: किक (ड्रमचा जड ठोका) थांबते, पॅड (लांबत जाणारे मऊ सूर) पसरतात, मुख्य धून एकटी उरते आणि मग हळूहळू ताण चढत जातो.

ती धून डोक्यात बसली की रिमिक्सकडे वळा. रिमिक्सरने ती कुठे आणली, किती वेळ लपवून ठेवली, खालचे कॉर्ड बदलले का, एवढंच पकडा. वेगाकडेही कान द्या. 138 बीपीएमचं (मिनिटाला 138 ठोके) अपलिफ्टिंग आणि 130च्या आसपासचं प्रोग्रेसिव्ह या ट्रान्सच्या दोन प्रकारांत धून तीच असली तरी मूड पार बदलतो. डब मिक्समध्ये गायन जवळजवळ नसतंच, म्हणून मी ते शेवटी ठेवतो.

सुरुवातीला मिनिटभर नुसते ठोके ऐकून कंटाळू नका. ते डीजेला आधीच्या गाण्यात मिसळता यावं म्हणून असतात. 138च्या वेगाला 32 बार (एका बारमध्ये चार ठोके) म्हणजे साधारण 56 सेकंद. घरी ऐकताना खुशाल पुढे ढकला.

नमुना हवा असेल तर डेलेरियम या कॅनेडियन बँडचं ‘सायलेन्स’ घ्या. 1997च्या अल्बममधलं मूळ गाणं संथ आहे, आणि डच डीजे टिएस्टोचा 2000चा रिमिक्स 11 मिनिटांहून लांब. माझ्या मते तो मूळ गाण्यापेक्षा सरस आहे. सगळे रिमिक्स मात्र एका बैठकीत ऐकू नका, तिसऱ्यानंतर कान फरक सांगायचं सोडून देतात.