मोर्लेचं पोंदालेझ घर: मधला हॉल चौक होता का?

प्रश्न होता, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या मोर्ले गावात 'डचेस अ‍ॅनचं घर' (अ‍ॅन ही ब्रिटनीची राज्यकर्ती) म्हणून जे दाखवतात, त्याचा मधला भाग जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा आहे. तो वाड्यासारखा उघडा चौक होता आणि छप्पर मागाहून आलं का?

नाही. हॉलच्या बाजूच्या भिंतीला लागून भलीमोठी दगडी फायरप्लेस आहे. उघड्या चौकात अशी फायरप्लेस कोण बांधेल? ती पहिल्यापासून छपराखालची खोलीच होती, येणाऱ्याजाणाऱ्यावर छाप पाडायची.

एवढी उंची कशासाठी, तर उजेडासाठी. प्लॉट रस्त्याकडे अरुंद आणि आत लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तिथे खिडकी निघत नाही. म्हणून पुढे रस्त्यावर एक भाग, मागे परसाकडे दुसरा आणि मध्ये हा हॉल, ज्याला उजेड वरच्या झरोक्यातून मिळतो. जिना हॉलच्या कोपऱ्यात, वळणावळणाचा. प्रत्येक मजल्यावर त्यातून लाकडी सज्जा निघतो आणि पुढच्या-मागच्या खोल्या जोडतो. या सज्ज्यांनाच ब्रेतों, म्हणजे ब्रिटनीच्या स्थानिक भाषेत पोंदालेझ म्हणतात, त्यावरूनच घराचं हे नाव. जिन्याचा मधला ओक लाकडाचा खांब संतांच्या मूर्तींनी कोरलेला असतो. मोर्लेचाच असा एक जिना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

पैसा लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाचा. आसपासच्या लेओन भागात विणलेलं कापड मोर्लेच्या बंदरातून इंग्लंड-स्पेनला जाई. ब्रिटनीत सरदार घराण्यातला माणूस व्यापारात उतरला, तर तेवढ्या काळापुरती त्याची सरदारकी 'झोपी जाई', व्यापार सोडला की परत जागी होई. या सोयीमुळेच असे दिमाखदार हॉल व्यापाऱ्यांच्या घरात दिसतात. डचेस अ‍ॅनचं मात्र नावच. ती १५०५ मध्ये मोर्लेला आली होती हे खरं, पण १५१४ मध्ये वारली, आणि हे घर साधारण १५३० च्या सुमाराचं मानतात.

दर्शनी भाग लाकडी सांगाड्याचा, वरचे मजले खालच्यापेक्षा थोडे पुढे आलेले. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. टोकातलं भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडतात, त्यामुळे खुंटी आत जाताना सांधा आवळला जातो. ओक बहुतेक ओलंच वापरत. ते भिंतीत वाळताना आकसतं, पिळतं. म्हणून जुन्या घराचा तिरकेपणा दिसला की लगेच घाबरायचं कारण नाही.

खरं नुकसान वेगळ्याच गोष्टीने होतं. लाकडांमधली जागा माती-पेंढ्याने भरलेली असते. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की चिरांतून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, आणि ब्रिटनीतल्या पावसात सगळ्यांत खालची आडवी तुळई आतून कुजते. वरून रंग छान दिसत असतो. दुरुस्तीला चुन्याचाच गिलावा हवा. कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवा ओक सांधायचा, अख्खा खांब काढायचा नाही.

मोर्लेत दुसरीकडे कुठे असं घर ओळखायचं असेल, तर मजले बघून फसू नका. भाड्याने द्यायच्या खोल्या करण्यासाठी असे हॉल मध्ये तक्तपोशी घालून बुजवलेले सापडतात. घराच्या मध्यावर कोरीव खांबाचा जिना आणि छपरात बंद केलेला झरोका, या दोन खुणा शोधा.