व्हायपर बेट आणि माउंट हॅरिएट एकाच दिवसात? आधी बेट, मग डोंगर

अंदमानात सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी बघून होतंय, एक दिवस मोकळा आहे, सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत, तर व्हायपर आणि माउंट हॅरिएट एका दिवसात जमेल का, असं विचारलंय तुम्ही. जमतं. आम्ही दोनदा केलंय, त्यातलं पहिल्यांदा वेळ चुकून फसलो.

आधी बेट का, तर ८ फेब्रुवारी १८७२ मुळे. त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो कैद्यांची वसाहत बघायला आला होता. बेटं फिरून झाल्यावर सूर्यास्त बघायचा म्हणून ऐनवेळी हॅरिएटवर चढला. उतरेपर्यंत अंधार झाला आणि पायथ्याच्या होप टाउन धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने त्याला सुरीने भोसकलं. पुढच्याच महिन्यात शेर अलीला फाशी दिलं, ते व्हायपरवर. सकाळी फाशीघर बघून संध्याकाळी त्याच डोंगरावर उभं राहिलं की ही गोष्ट अंगावर येते.

अंदमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सावरकरांची कोठडी. पण ते तिथे गेले १९११ मध्ये, आणि सेल्युलर जेल बांधून झालं १९०६ ला. काळं पाणी सुरू झालं होतं १८५८ पासून! मधल्या काळातला तुरुंग व्हायपरवर होता, साखळदंडात जखडलेल्या कैद्यांचा. (नावाचा सापाशी संबंध नाही, ते एका जहाजाचं नाव.) आज तिथे टेकाडावर लाल विटांचं, घुमटाचं फाशीघर आणि पडक्या भिंती एवढंच आहे. पाऊण तास पुरे. चढ थोडाच आहे, पण पाणी आणि टोप्या न्या. सगळ्या पर्यटक बोटी व्हायपरला थांबतातच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी बोटी सुटतात त्या जेटीवर स्वतः विचारून या. हॉटेलवाल्याच्या ‘हो हो’वर जाऊ नका.

जेवून चॅथमच्या धक्क्यावर जा. तिथून हॅरिएटच्या बाजूच्या बांबू फ्लॅट धक्क्याला गाड्या नेणारी फेरी सुटते, टॅक्सीसकट पलीकडे उतरायचं. रस्त्याने जायचं तर फार मोठा वळसा पडतो. गाडी थेट वर जाते, त्यामुळे आईबाबांची काळजी नको. ओळखपत्रं जवळ ठेवा. पाट्यांवर ‘माउंट मणिपूर’ दिसलं तर गोंधळू नका, २०२१ मध्ये हॅरिएटचं नाव बदललंय. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपूरच्या राजाला आणि त्याच्या माणसांना इथेच आणून ठेवलं होतं.

वरून नॉर्थ बेचं दीपगृह दिसतं. जुन्या, तांबूस वीसच्या नोटेमागचं चित्र तेच. (नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं.) घरी एखादी जुनी नोट सापडली तर घेऊन जा, आमच्या सासूबाई अर्धा तास ती नोट डोळ्यांपुढे धरून माडांची जुळवाजुळव करत होत्या.

आता आमची फजिती. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, हे पुण्याच्या घड्याळाने चालणाऱ्या आमच्या लक्षातच आलं नाही. साडेपाचला वर पोचलो, मिट्ट काळोख. शिवाय परतीच्या फेरीला गाड्यांची ही रांग. तेव्हा तीनपर्यंत बांबू फ्लॅटहून वर निघा आणि परतीच्या फेऱ्यांच्या वेळा जातानाच विचारून ठेवा.

वरून निघणारी काळापत्थरची जंगलवाट मात्र आईबाबांना नको. तुम्हाला जायचं असेल तर त्यांना वर बाकावर बसवून जा, आणि पाऊस होऊन गेला असेल तर जळवांसाठी मीठ न्या.