‘शुभ’चं ‘शुम’ का होतं? घरगुती लेझरबद्दल वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात मी सहज लिहून गेलो की गच्चीवरच्या खोलीत लेझरने भिंतीवर मासा काढला आणि तो शेपटी हलवत पोहलाही. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत तीस वर्षं काढल्यावर माझी समजूत झाली होती की सोल्डरचा वास आता कुणाला नको आहे. बऱ्याच पत्रांत प्रश्न तेच ते होते, म्हणून पाचच घेतोय.

कराडहून अकरावीतला एक विद्यार्थी लिहितो: ‘माझ्याकडे दहा हजार साठलेत. तीन हजारांत रिमोटसकट लेझर शोची पेटी मिळते. तशाच दिसणाऱ्या, पण ‘इल्डा’ लिहिलेल्या पेटीला पंचवीस-तीस हजार सांगतात. तीन हजारांची घेऊन पुढे सुधारता येईल का?’

नाही रे बाळा. तीन हजारांच्या पेटीत आरसे असलेच तर ते स्टेपर मोटरवर बसवलेले असतात. पुष्कळदा तेही नसतात. झोतापुढे बारीक रेघांची काच फिरते आणि भिंतभर ठिपके पडतात, झालं. नमुने आतल्या चिपमध्ये कोंबलेले. डीएमएक्सची, म्हणजे स्टेजच्या दिव्यांना हुकूम देणारी, वायर जोडलीस तरी तिला ‘सात नंबर लाव’ एवढंच सांगता येतं. ‘माझं नाव काढ’ म्हटलं तर तिला ऐकूच येत नाही.

तुला हवेत गॅल्व्हो. नखाएवढे दोन आरसे, दोन छोट्या मोटरींच्या दांड्यांवर. एक झोताला आडवा हलवतो, दुसरा उभा. मोटर गोल फिरत नाही, जितका व्होल्ट द्याल तितकी वळते आणि थांबते. हे सेकंदाला हजारो वेळा होतं, म्हणून एकच ठिपका पळत असूनही आपल्याला अख्खी रेघ दिसते. ‘इल्डा’ म्हणजे हे व्होल्ट बाहेरून आत घ्यायची ठरलेली पद्धत. मागे पंचवीस पिनांचं सॉकेट असतं, जुन्या प्रिंटरच्या वायरीचं असायचं तसंच. त्यातून आडवा, उभा, लाल, हिरवा, निळा असे सगळे संकेत वेगवेगळे जातात.

आता पाटीवरचा ‘20k’, ‘30k’ हा आकडा. सेकंदाला वीस किंवा तीस हजार बिंदू, पण हे फक्त ८ अंशांच्या कोनात. विकणारा ‘30k’ आणि ‘६० अंश’ एका दमात सांगतो, तेव्हा दोन्हींतलं एकच खरं धर. चित्र जितकं पसराल तितका वेग उतरवावा लागतो.

तपासायची युक्ती सांगतो. इल्डाचं चाचणीचं एक ठरलेलं चित्र आहे, त्यात चौकोनात वर्तुळ दिसतं. गंमत अशी की फाइलमध्ये ते वर्तुळ चौकोनाच्या बाहेर जातं. आरसे ठरलेल्या वेगाने पळाले की त्यांना तेवढं पोहोचता येत नाही, वर्तुळ आक्रसतं आणि चौकोनाला आतून नेमकं टेकतं. टेकलं तर स्कॅनर, म्हणजे ही गॅल्व्होची जोडी, नीट लावलाय. बाहेर राहिलं किंवा आत लोंबकळलं तर नाही. पेटी घेताना दुकानदाराला हे चित्र लावायला सांग. त्याचा चेहरा पाहूनच निम्मं कळेल.

तुझ्या दहा हजारांत मी असा गेलो असतो: 20k चा सुटा गॅल्व्हो संच (दोन मोटरी, त्यांना चालवणारी दोन ड्रायव्हर कार्डं, वीजपुरवठा) आणि ५ मिलिवॅटचं लाल मॉड्यूल. मला चार वर्षांपूर्वी संच कस्टमसकट साडेआठ हजारांना पडला. काळोख्या खोलीत पांढऱ्या भिंतीवर हातभर चित्राला ५ मिलिवॅट पुरतात. आणि वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. मी नंतर ‘१ वॅट’ची पेटी घेतली. ओळखीच्या प्राध्यापकाने कॉलेजच्या मीटरवर मोजली, तर ३८० मिलिवॅट. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणाला, ‘ते पीक असतं, क्षणभराचं कमाल.’ पुढे तो फोनच उचलेना.

पेटीच घ्यायची ठरली तर आणखी एक विचार: मॉड्युलेशन, म्हणजे रंगांचा उजेड आवरायची पद्धत, टीटीएल की अॅनालॉग? टीटीएलमध्ये प्रत्येक रंग चालू किंवा बंद, म्हणजे मिसळून सातच रंग. अॅनालॉगमध्ये नारिंगी, गुलाबी, हळूहळू विझणारी रेघ, सगळं मिळतं.

ठाण्याहून एक निवृत्त अभियंता: ‘डॅकवर (कॉम्प्युटरच्या आकड्यांचे व्होल्ट करणाऱ्या डबीवर) खर्च नको म्हणून कॉम्प्युटरच्या साउंड कार्डमधून गॅल्व्हो चालवले. वर्तुळ झकास येतं. पण चित्र कोपऱ्यात ठेवलं की आपोआप मधोमध सरकतं. ड्रायव्हर बिघडलाय का?’

साहेब, ड्रायव्हर ठणठणीत आहे. साउंड कार्डच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, तो स्थिर व्होल्ट पुढे जाऊच देत नाही. गाण्याला त्याने फरक पडत नाही, पण आरशाला ‘कोपऱ्यात जाऊन थांब’ सांगायला स्थिर व्होल्टच लागतो. तो कपॅसिटर वळसा घालून टाळता येतो. मग मात्र कार्डाचा मूळचा दीड-दोन व्होल्टचा ऑफसेट डोकं वर काढतो आणि तो व्होल्ट वाढवणाऱ्या चिपने, म्हणजे ऑप-अॅम्पने वजा करावा लागतो. ऑप-अॅम्प तसाही लागणारच, कारण कार्ड जेमतेम एक-दोन व्होल्ट देतं आणि स्कॅनरला अधिक-उणे पाच हवेत. लिनक्सवर ओपनलेझ नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच वाटेने जातं. आठ चॅनलचं यूएसबी कार्ड घेतलं की रंगांनाही चॅनल उरतात.

तुम्हाला ही खटपट जमेल, कराडच्या मुलालाही जमू दे, शिकायला हीच वाट उत्तम. फक्त एक. कार्ड अडकलं किंवा कॉम्प्युटर झोपी गेला तर झोत एका जागी उभा राहतो. तो भिंतीवरच असेल तर लाल ५ मिलिवॅटपर्यंत चालेल. त्यापुढे गेलात की हेलिओस किंवा इथर ड्रीम असा खास लेझरचाच डॅक घ्या. हेलिओस यूएसबीचा, इथर ड्रीम नेटवर्कच्या वायरीचा. हेलिओसचा आराखडा खुला आहे, हौशी मंडळींत तोच जास्त दिसतो.

आणि चित्राला बारीक थरथर असेल, वर्तुळाची कड पाण्यावर तरंगल्यासारखी हलत असेल, तर आधी घरातलं अर्थिंग तपासा. माझ्याकडे आठवडाभर मी ड्रायव्हरचे ट्रिमर (जुळवणीचे बारीक स्क्रू) पिळत बसलो होतो आणि दोष होता गच्चीवरच्या खोलीच्या दोन पिनांच्या प्लगात. घरच्या विजेची पन्नास हर्ट्झची घरघर डोळ्यांनी दिसते, ती अशी.

नाशिकहून एक ताई: ‘पुतणीच्या लग्नात घरासमोरच्या भिंतीवर ‘शुभ विवाह’ लिहायचं आहे. 20k ची इल्डा पेटी, हेलिओस आणि विंडोजचा लॅपटॉप आहे. सॉफ्टवेअरमध्ये मराठी फॉन्ट घातला तर अक्षरं फडफडतात आणि प्रत्येक रेघ दुहेरी दिसते. पँगोलिनचं महागडं सॉफ्टवेअर घेऊ का?’

ताई, नका घेऊ. त्यांचं क्विकशो उत्तम आहे, धंदा करणाऱ्याने घ्यावंच. पण ते पँगोलिनच्याच कंट्रोलरवर चालतं, तुमचा हेलिओस कपाटात जाईल. लेझरक्यूब नावाची तयार पेटी घेणाऱ्यांना लेझरओएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण ती त्यांची त्यांची पेटी. तुमच्यासाठी लेझरशोजेन आहे, मोफत, विंडोजवर चालणारं, हेलिओसला ओळखणारं. दिसायला जुनाट, पण बिंदू न् बिंदू हाताने ठेवता येतो. आणि तुमच्या अडचणीवर औषध तेच आहे.

फॉन्ट म्हणजे अक्षराची बाहेरची कड. छापखान्यात आत शाई भरतात. लेझरकडे शाई नाही, तो नुसती कड गिरवतो, म्हणून दुहेरी रेघ. वर बिंदू किती खर्च होतात बघा. मी ‘शुभ विवाह’ फॉन्टने करून पाहिलं, अठराशेच्या आसपास बिंदू गेले. सेकंदाला वीस हजार बिंदू, म्हणजे चित्र सेकंदाला अकरा वेळाच पूर्ण होणार. फडफडणारच. तेच एकेरी रेघेने हाताने काढलं तेव्हा सातशेत बसलं, सेकंदाला अठ्ठावीस वेळा. नजर स्थिरावते.

शाळेत आपण आधी अक्षर काढतो आणि मग शिरोरेषा ओढतो. लेझरला तसं करायला लावू नका. प्रत्येक अक्षर संपलं की झोत विझवून उडी, पुन्हा पेटवून पुढचं अक्षर, यात फार बिंदू वाया जातात. मी शिरोरेषेवरूनच चालायला लागतो. वाटेत काना आला की खाली उतरायचं, त्याच रेघेवरून परत वर यायचं आणि पुढे निघायचं. ‘वि’मध्ये वेलांटीच्या दांड्याने खाली, वर, मग ‘व’चा काना, त्याला लागून पोट. बाईंनी पट्टी मारली असती, पण भिंतीवर छान दिसतं. जिथे टोकदार वळण आहे तिथे तोच बिंदू तीन-चारदा ठेवा, नाहीतर आरसा घाईत कोपरा गोल करून टाकतो. ‘ह’च्या वळणाला मात्र ठेवू नका, तिथे ठिपका जळजळीत दिसतो.

आता खरी खोच. ‘भ’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. तिथे झोत विझवून पुढे जायचं आणि पुन्हा पेटवायचं. विझव-पेटव हा हुकूम लेझरला तत्काळ पोहोचतो, आरशाला मात्र वजन आहे, तो मागून येतो. माझ्या स्कॅनरवर हा उशीर चार-पाच बिंदूंचा आहे. म्हणजे तुम्ही सांगितलेली मोकळी जागा भलतीकडेच सरकते, ‘भ’च्या डोक्यावरची फट भरून जाते आणि भिंतीवर येतं ‘शुम विवाह’. आमच्या सौभाग्यवतींनी खाली अंगणातून ओरडून सांगितलं, ‘अहो, शुम कोण?’ मला वरून दिसलंच नव्हतं. मला ठाऊक होतं काय लिहिलंय, म्हणून मी तेच वाचत होतो. ‘ध’चा ‘घ’ही असाच होतो.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये कलर शिफ्ट किंवा ब्लँकिंग शिफ्ट अशी पट्टी असते, तिने रंग थोडा उशिरा पाठवायचा. दोन आडव्या तुटक रेघांचं चित्र लावा आणि रेघांच्या टोकांना उरलेल्या शेपट्या नाहीशा होईपर्यंत पट्टी सरकवा. वेग बदलला की पुन्हा लावावं लागेल. आणि फटीच्या दोन्ही टोकांना पाच-सहा बिंदू जास्तीचे ठेवा.

लग्नाच्या दिवशी झोत माणसांच्या डोक्यावरून, दहा फुटांच्या वरूनच जाऊ दे. पेटी भक्कम स्टँडवर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी. भिंतीवर खिडकीची काच किंवा स्टीलची जाळी येते का, ते आदल्या रात्री पाहा. व्हिडिओवाल्यालाही सांगून ठेवा, झोत थेट कॅमेऱ्यात गेला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटते. माझ्या भाच्याच्या मोबाइलमध्ये आजही हिरवी रेघ आहे, प्रत्येक फोटोत.

पुण्याजवळच्या एका मंडळाचे कार्यकर्ते: ‘मिरवणुकीसाठी स्वस्तात ताकदवान लेझर सुचवा, ५ वॅटच्या पुढचा.’

सुचवणार नाही. डोळ्याच्या बाहुलीतून पाव सेकंदापुरता चालेल असा मानलेला उजेड सुमारे १ मिलिवॅट, आणि तुम्ही मागताय पाच हजार मिलिवॅट. मिरवणुकीत ट्रॅक्टर हलतो, माणसं खांद्यावर पोरं घेऊन उभी असतात आणि स्वस्त पेटीत स्कॅनर अडकला तर झोत बंद करणारी सोय नसते. अडकलेला झोत एकाच्या डोळ्यात थांबला की डोळ्याच्या पडद्याला पडलेलं भोक चष्म्याने भरून येत नाही. आपल्याकडे मिरवणुकांनंतर तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत. २०२४ साली पुणे पोलिसांनी विसर्जन मिरवणुकीत लेझर झोतांना मनाई केली, ती काही उगाच नाही. मंडपाच्या मागच्या भिंतीवर छोट्या पेटीने मूषक पळवा. त्यासाठी लागेल ती मदत करीन, रविवारी या.

बेळगावहून एक वाचक: ‘झोत हवेत दिसावा म्हणून फॉग मशीन घ्यावं का?’

भिंतीवर चित्र काढायचं असेल तर धूर लागतच नाही. झोतांचे पडदे, बोगदे बघायचे असतील तर हवेत काहीतरी तरंगायला हवं. पण घरच्या खोलीला फॉग मशीन फार होतं. मी ४०० वॅटचं आणलं, दहा बाय बाराच्या खोलीत अर्धं मिनिट चालवलं आणि मला माझाच हात दिसेना. लेझर तर त्याहून नाही, धूर इतका दाट की झोत दोन फुटांवर विरून जाई. खिडकी उघडली तेव्हा समोरचे जोशी बादली घेऊन जिन्यात. तेव्हापासून दोन उदबत्त्या लावतो, पंखा बंद ठेवतो आणि दहा मिनिटं थांबतो. मोगऱ्याच्या नको, त्याने सौभाग्यवतींचं डोकं दुखतं. साध्या चंदनाच्या घ्या.