जुन्या झेनची ऑइल गळती: गिअरबॉक्स उतरवण्याआधी वरून बघा

तुम्ही लिहिलंय ते असं: 1997 ची कार्ब्युरेटरवाली मारुती झेन, काकांकडून आलेली. नाशिकला इंदिरानगरच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी गाडीखाली काळा डाग, कसारा घाट चढून आलं की जळका वास, आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं, ‘मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ तुम्ही आजवर पाना हातात धरलेला नाही, पण जमेल तेवढं स्वतः करायचंय.

गिअरबॉक्स उतरवायला एवढ्यात हो म्हणू नका. ते सील, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) गिअरबॉक्सकडे जिथं बाहेर येतो तिथली रबरी कडी, गेलेलं असेलही. पण या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि त्याची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, वयानं कडक होते. तिथून झिरपलेलं तेल हेडवरून ओघळत बरोबर बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं क्लचचं आवरण) येतं आणि खालून थेंब थेंब पडतं. खाली झोपून बघणाऱ्याला ते मागचं सीलच वाटणार. टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं तरी तीच गत. आणि तुमचा घाटातला जळका वास मला तिकडचाच वाटतो, कारण मागच्या सीलचं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर सहसा पडत नाही, टॅपेट कव्हरचं पडतं. जुन्या गाडीत डाग दिसतो एकीकडे आणि पाणी मुरत असतं भलतीकडेच.

त्यामुळे पहिलं काम धुण्याचं. इंजिन पूर्ण गार असताना, मोकळ्या हवेत, ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन वर्षानुवर्षांचा चिकट थर काढा. पेट्रोल वापरू नका, आग लागायची. डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरला प्लास्टिकची पिशवी बांधा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुवून घेऊ नका. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये पाणी गेलं की गाडी तिथंच बसते आणि मग दोन दुखणी एकदम निस्तरावी लागतात. धुतल्यावर चिंध्यांनी पुसा, इंजिन नीट वाळू द्या आणि संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा: टॅपेट कव्हरची कड, डिस्ट्रिब्युटरचं बूड, ऑइल प्रेशर स्विच (ऑइलचा लाल दिवा लावणारा), ऑइल फिल्टरचा वरचा भाग. आता गंगापूर रोडनं धरणाकडे एक चक्कर मारून या आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरवर ओली तपकिरी रेघ उठलेली दिसेल. ती रेघ जिथं सर्वांत वर सुरू होते, तिथं गळती. खालचं सगळं नुसतं ओघळलेलं.

प्रेशर स्विचच्या वायरचं टोक काढून आत बघा. तिथं तेल असेल तर स्विच बदला, किरकोळ काम आहे. फिल्टरकडून गळत असेल तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहून त्यावरच नवा फिल्टर बसवलाय का, ते तपासा. असं फार वेळा होतं. ड्रेन बोल्टखाली (जुनं ऑइल काढायचा तळाचा बोल्ट) ओल असेल तर पुढच्या ऑइल बदलीला नवा वॉशर टाका.

टॅपेट कव्हर नवशिक्यालाही जमतं. बोल्ट काढा, कव्हर अलगद उचला. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला खाच पडली की ती कायमची गळते. आत कचरा पडणार नाही हे बघा, दोन्ही कडा कोरड्या करा, नवं रबर पॅकिंग खाचेत बसवा. जमल्यास बोल्टखालचे रबरी वॉशरही बदला. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात आणि जोडावर, तेही टिकलीएवढं. कडेभर पिळलेलं सिलिकॉन आत तुटून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. बोल्ट मधून बाहेर, आळीपाळीनं, हलक्या हातानं आवळा. ‘अजून थोडं’ म्हणत पिळलं की हेडमधले आटे जातात आणि शंभरातलं काम हजारांत जातं.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून एक खूण ओढा, फोटोही काढा. परत बसवताना तो जरा जरी फिरला तरी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बिघडतं आणि गाडी घाटात दम टाकते. ओ-रिंग नवी, तेलाचं बोट लावून.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कुणी बघत नाही: ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर ओढून घेणारी वाट. तिच्यावरची झडप, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, चिकटला की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि तो नवी पॅकिंगंसुद्धा ओली करतो. गाडी आयडलवर (उभी, इंजिन चालू, पाय न देता) ठेवून व्हॉल्व्ह जागेवरून काढा आणि टोकाला बोट लावा, ओढ जाणवली पाहिजे. काहीच जाणवलं नाही तर आधी तो आणि त्याचा पाइप साफ करा किंवा बदला. ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, पॅकिंग बदलून भागणार नाही.

गळती थांबवायची बाटली आणि ‘जाड ऑइल टाका’ हा सल्ला, दोन्ही बाजूला ठेवा. बाटलीनं रबर फुगून काही दिवस बरं वाटतं, कडक झालेली ओ-रिंग काही नवी होत नाही.

टायमिंग बेल्टच्या कव्हरखाली तेल दिसलं तर कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) किंवा क्रँकचं पुढचं सील आहे. ते स्वतः करू नका, पण टाळूही नका. तेलात भिजलेला बेल्ट टिकत नाही. सीलबरोबर बेल्टही बदलून घ्या. आणि गाडीखाली जायचं झालं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर अजिबात नाही, स्टँड लावूनच. काढलेलं काळं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या. गटारात ओतलं तर ते नासर्डीतून गोदावरीतच जाणार.

तोवर सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी दर आठवड्याला ऑइल मोजायची पट्टी बघत जा. पातळी खालच्या खुणेच्या खाली गेली की आधी ऑइल, मग किल्ली. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन लगेच बंद करा, ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणू नका.

एवढं सगळं करून वरचा भाग खडखडीत कोरडा राहिला आणि तरीही बेलहाउसिंगच्या तळातून थेंब येत असेल, तर गॅरेजवाला बरोबर आहे. मग गिअरबॉक्स उतरवू द्या, आणि त्याच मजुरीत क्लच प्लेट बघून घ्या. झिजलेली असेल तर तेव्हाच बदला, नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा द्याल.