पासवर्ड बदलण्याची सक्ती आणि इतर शंका

आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावाच लागतो. त्याचा खरंच उपयोग होतो का?

फारसा नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं. अशीच सक्ती असलेल्या 7,700 हून अधिक बंद खात्यांचे एकामागून एक बदललेले पासवर्ड त्यांनी अभ्यासले. जुना पासवर्ड हाती असला, तर 17 टक्के खात्यांचा पुढचा पासवर्ड पाचपेक्षा कमी प्रयत्नांत ओळखता येत होता. यात नवल नाही. ‘वसंत@1’ची मुदत संपली की आपण ‘वसंत@2’ करतो, फारच डोकं चालवलं तर ‘वसंत#2’. पासवर्ड फोडणारे प्रोग्रॅम याच वाटा आधी धुंडाळतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही 2017 मध्ये मुदतीची सक्ती नको असं सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायलाच हवा. तुमच्या आयटी विभागाला हे दाखवा. ऑडिटवाले जुनी चेकलिस्ट पुढे करतील, तो भाग वेगळा!

एमटेकच्या प्रकल्पासाठी फुटलेल्या पासवर्डांची यादी वापरली तर चालेल का?

संशोधनात ती सर्रास वापरतात. 2009 मध्ये ‘रॉकयू’ या करमणुकीच्या साइटचे 3 कोटी 20 लाख पासवर्ड बाहेर आले. कंपनीने ते हॅश न करता, म्हणजे मूळ पासवर्ड उलट काढता येणार नाही असं रूप न देता, जसेच्या तसे साठवले होते, त्यामुळे अभ्यासकांना आयतं घबाड मिळालं. पण करमणुकीच्या साइटवरचे पासवर्ड पाहून बँक खात्यांबद्दल निष्कर्ष काढू नका. यादीत ईमेल असतील तर ते आधी काढून टाका, विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि ‘चालतो का बघू’ म्हणून कुणाच्याही खात्यात लॉगिन करू नका. तो सरळ गुन्हा ठरू शकतो.

सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी पासवर्डला कुठलीतरी वेगळी अक्षरं जोडणं, ही अलीकडची युक्ती आहे का?

नाही. मॉरिस आणि थॉम्पसन या संगणकतज्ज्ञांनी युनिक्स या संगणक प्रणालीच्या पासवर्डांवरच्या लेखात ती 1979 मध्येच मांडली. तरी 2012 मध्ये लिंक्डइनचे हॅश फुटले, तेव्हा त्यांना सॉल्ट नव्हतं.

तपासात चालू लॅपटॉप सापडला, तर लगेच बंद करावा का?

घाई नको. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल, तर तिची किल्ली बहुतेकदा त्या क्षणी रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत असते. वीज गेल्यावरही रॅममधला मजकूर थोडा वेळ टिकतो, हे प्रिन्स्टनच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं. चिप थंड केली तर तो आणखी टिकतो. म्हणून आधी स्क्रीनचा फोटो घ्या, मग प्रशिक्षित माणसाकडून रॅमची प्रत घ्या. त्यानंतर राइट ब्लॉकर (डिस्कवर काहीही लिहू न देणारं साधन) लावून डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत घ्या आणि तिचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, लगेच पंचनाम्यात नोंदवा. मालकाच्या खात्यात शिरून फायली उघडून पाहिल्या, तर त्यांच्या वेळेच्या नोंदी बदलू शकतात आणि बचाव पक्षाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.