अमेरिकन टीव्ही, भारतीय चेहरा आणि अभिनयाचे शिक्षण : एका आईच्या पत्राला उत्तर

सौ. ताईंना,
सप्रेम नमस्कार.

आपले न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेले पत्र वाचले. मुलगी अकरावीत आहे, शाळेच्या नाटकांतून सातत्याने कामे करते आणि पुढे अभिनयच शिकायचा असे तिने ठरवले आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे, की अमेरिकन टीव्हीवर सावळ्या भारतीय मुलीच्या वाट्याला फार तर रुग्णालयातली डॉक्टर किंवा नायिकेची मैत्रीण येईल, तेव्हा कॉम्प्युटर सायन्स घ्यावे आणि नाटक हौसेपुरते ठेवावे. कलाकारांना कामे मिळवून देणाऱ्या एजंटांना उच्चारता यावे म्हणून आडनाव लहान करावे का, असेही आपण विचारले आहे.

वडिलांची शंका निराधार नाही. १९९९ च्या हंगामासाठी चार मोठ्या टीव्ही नेटवर्कांनी जाहीर केलेल्या २६ नव्या मालिकांपैकी एकीतही मुख्य भूमिकेत गौरेतर कलाकार नव्हता. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या नागरी हक्क संघटनेने त्यावरून बहिष्काराचा इशारा दिला आणि २००० च्या सुरुवातीला नेटवर्कांना तिच्याशी करार करावे लागले, तेव्हा कुठे विविधतेची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी नेमले गेले आणि नव्या लेखक-कलाकारांसाठी उपक्रम सुरू झाले. भारतीयांची अडचण आणखी वेगळी होती. ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराला तीस वर्षे हँक अझारिया या गौरवर्णीय नटाचा आवाज होता, आणि तो हेल प्रेक्षकांच्या कानांत इतका बसला होता, की खऱ्या भारतीय नटांकडूनही ऑडिशनमध्ये तोच मागितला जाई. अझीझ अन्सारी या भारतीय वंशाच्या अभिनेत्याने ‘मास्टर ऑफ नन’ या २०१५ च्या मालिकेत हाच प्रसंग घेतला आहे. नायक टॅक्सीचालकाच्या भूमिकेसाठी ऑडिशन देतो, त्या भूमिकेला साधे नावही नाही. भारतीय हेल काढायला तो नकार देतो आणि काम जाते. अझारियाने अपूचा आवाज २०२० मध्ये सोडला.

मधल्या काळात चित्र बदलले आहे, आणि ते कशामुळे बदलले हे आपल्या मुलीने नीट समजून घेणे मला तिच्या मार्कांइतकेच महत्त्वाचे वाटते. २००५ मध्ये ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ ही रुग्णालयातली मालिका सुरू झाली, तेव्हा तिच्या कर्त्या शोंडा ऱ्हाइम्स यांनी संहितेत पात्रांचा वंश लिहिलाच नव्हता, डॉ. बेली हे पात्र लिहिताना त्यांच्या मनात ठेंगणी, सोनेरी केसांची बाई होती, पण ऑडिशननंतर ती भूमिका चँड्रा विल्सन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मिळाली आणि आज त्या जागी दुसऱ्या कुणाची कल्पनाही करवत नाही. त्याच वर्षी ‘द ऑफिस’मध्ये भारतीय वंशाची मिंडी केलिंग आली ती मुळात लेखिका म्हणून, केली कपूरचे पात्र तिने त्याच जोडीने केले. २०१२ मध्ये फॉक्सवर तिने स्वतः निर्माण केलेल्या मालिकेत मुख्य भूमिका केली आणि २०२० मध्ये भारतीय वंशाच्या शाळकरी मुलीची ‘नेव्हर हॅव आय एव्हर’ ही मालिका आणली. त्या मालिकेच्या नायिकेसाठी जाहीर आवाहन करण्यात आले, सुमारे पंधरा हजार मुलींनी प्रतिसाद दिला, आणि निवड झाली ती मैत्रेयी रामकृष्णन या कॅनडातल्या तमिळ मुलीची, जिने तोवर शाळेच्या नाटकांपलीकडे काही केलेले नव्हते. आपल्या मुलीला ही गोष्ट पाठ असणार. मात्र तिने त्यातून ‘माझीही निवड होईल’ एवढेच घेऊ नये. ती भूमिका मुळात अस्तित्वात आली, कारण लेखकांच्या खोलीत एक भारतीय बाई पंधरा वर्षे टिकून होती.

निवडीच्या वेळी एजंटांकडे येते ते ‘ब्रेकडाउन’, म्हणजे भूमिकेचे टिपण. त्यात पात्राचे नाव, वयोगट, दोन-तीन ओळींत स्वभाव, भूमिका एका प्रसंगापुरती आहे की संपूर्ण मालिकेची, आणि वंशाचा उल्लेख असतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी तिथे ‘सर्व वंशांसाठी खुले’ असे लिहिलेले असते. हे लिहिणे खरे किती आणि औपचारिक किती, हे निर्मात्यागणिक बदलते, आणि नाकारले गेल्यावर कारण कधीच कळत नाही. कायद्याचा आधारही येथे तोकडा आहे: ‘द बॅचलर’ या जोडीदार निवडण्याच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये कृष्णवर्णीयांना डावलले जाते अशी तक्रार दोघांनी केली, तेव्हा टेनेसीतल्या संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये, कलाकारांची निवड हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे म्हणून दावा फेटाळला.

मग कोणत्या भूमिका मिळतात? जनिना गावणकर या अभिनेत्रीचे वडील मूळ मुंबईचे. तिने ‘द एल वर्ड’मध्ये लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, तरुणी रंगवली आणि ‘ट्रू ब्लड’मध्ये लूना गार्झा नावाची, रूप पालटणारी बाई. गहूवर्णी चेहऱ्याला असे अनेक वंश चालवून घेतले जातात. त्यात कामे वाढतात हे खरे, पण त्याच भूमिकांवर लॅटिना अभिनेत्रींचाही न्याय्य हक्क आहे, आणि उद्या आपल्या मुलीला ‘हे काम मी घ्यावे का’ असा प्रश्न पडला तर तो तिने टाळू नये. उलट दिशेचे उदाहरण ‘ब्रिजर्टन’ या जुन्या इंग्लंडात घडणाऱ्या मालिकेचे. मूळ कादंबरीत इंग्रज असलेल्या बहिणी २०२२ च्या दुसऱ्या पर्वात मुंबईहून आलेल्या शर्मा भगिनी झाल्या, धाकटीला मराठी आणि हिंदुस्तानी येते असाही उल्लेख झाला. आपल्या भाषेचे नाव त्या दरबारी संवादांत ऐकून मलाही बरे वाटले. पण त्याच घरात थोरली ‘दीदी’, धाकटी बंगालीतली ‘बोन’ आणि वडील ‘अप्पा’, ही खिचडी काही पचली नाही. चेहरे भारतीय मिळाले तरी घर भारतीय होण्यासाठी लिहिणारे हातही भारतीय हवेत, ते यासाठी.

वडिलांना मी एवढेच सांगेन, की त्यांची काळजी रास्त आहे, कारण मात्र चुकले आहे. रंगापेक्षा मोठा धोका या व्यवसायाच्या अर्थकारणात आहे. हॉलीवूडमधल्या २०२३ च्या संपात सॅग-आफ्ट्रा या कलाकारांच्या संघटनेने वारंवार मांडलेला मुद्दा असा होता, की संघटनेच्या आरोग्यविम्यासाठी त्या वेळी वर्षाला २६,४७० डॉलर मिळवावे लागत आणि बहुसंख्य सभासद तेवढेही मिळवत नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये ५९९ कथात्मक मालिका झाल्या होत्या, त्या पुढच्याच वर्षी ५१६ वर आल्या. कामे घटली की जोखीम घेण्याची तयारी आधी घटते, आणि २०२५ मध्ये काही मोठ्या माध्यम कंपन्यांनी विविधतेची धोरणे राजकीय दबावाखाली मागे घेतली. म्हणजे २०२० साली उघडलेले दार मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तितकेच उघडे असेल, असे गृहीत धरून घराचे आर्थिक नियोजन करू नये.

म्हणून माझा सल्ला असा. न्यू ब्रन्सविकचे रटगर्स विद्यापीठ आपल्या घराजवळच आहे. त्याच्या मेसन ग्रोस कलाशाळेत अभिनयाची बीएफए ही कलाविषयक पदवी आहे, त्यात लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये शिकण्याचा टप्पा आहे, आणि राज्यातील रहिवासी म्हणून शुल्क बाहेरच्यांपेक्षा कमी पडते. तेथे आणि आणखी चार-पाच ठिकाणी ऑडिशन द्यावी. बहुतेक ठिकाणी आधी ध्वनिचित्रफीत मागवतात, तेव्हा येत्या उन्हाळ्यातच परस्परांहून वेगळी अशी दोन स्वगते बसवायला घ्यावीत, आणि त्यांतले एकही ‘भारतीय मुली’चे नसावे. प्रवेश न मिळाल्यास दुसरा मार्ग कुणाल नय्यरचा आहे: ‘द बिग बँग थिअरी’त राजची भूमिका करणाऱ्या या अभिनेत्याने आधी बिझनेसची पदवी घेतली आणि मग फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात अभिनयाची एमएफए ही पदव्युत्तर पदवी घेतली. वडिलांचे कॉम्प्युटर सायन्सही या वाटेवर बसते, फक्त त्या चार वर्षांत नाटक सुटता कामा नये. मार्ग कोणताही असो, पटकथालेखनाचा एखादा तरी अभ्यासक्रम तिने घ्यावाच. हा भाग मी ऐच्छिक मानत नाही.

आडनावाबद्दल. कल्पेन मोदी या अभिनेत्याने केवळ प्रयोग म्हणून स्वतःचे नाव ‘कॅल पेन’ केले आणि ऑडिशनची बोलावणी लक्षणीय वाढली, असे त्याने सांगितले आहे. मिंडीही चोकलिंगमची केलिंग झाली. तो काळ वेगळा होता. रामकृष्णन हे आडनाव आता श्रेयनामावलीत पूर्ण येते. आत्ता काहीही बदलू नये. संघटनेत त्याच नावाचा दुसरा सभासद असेल तर नाव बदलावेच लागते, आणि तेव्हा काय घ्यायचे हे मुलीने ठरवावे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपण पत्रासोबत ज्या ‘टॅलेंट कंपनी’चे माहितीपत्रक पाठवले आहे, तिने फोटो आणि प्रशिक्षणासाठी आगाऊ रक्कम मागितली आहे. खरा एजंट काम मिळाल्यावर मानधनातून दहा टक्के घेतो, आधी काही मागत नाही; कॅलिफोर्नियात तर काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेण्याला कायद्यानेच मनाई आहे. तो धनादेश पाठवू नये. मुलीच्या दोन स्वगतांची निवड झाली की तिनेच मला कळवावे. वडिलांनाही बोलायचे असेल तर आपण तिघांनी मिळून वेळ ठरवावी.

कळावे, लोभ असावा.
आपला,
करिअर मार्गदर्शक