कॅरिबियनमध्ये बीचपेक्षा डोंगर-जंगल भटकायचं असेल, तर कुठल्या बेटावर जावं?

हाताशी आठवडा आहे आणि ट्रेकची सवय आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून डोळे झाकून सांगते: डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, तो वेगळा देश. तिकीट काढताना नाव नीट बघा. ग्वादलूप आणि मार्टिनिकच्या मधलं हे छोटंसं बेट, पण सर्वांत उंच शिखर 1,447 मीटर. किनाऱ्यावरची वाळू बहुतेक ठिकाणी काळी, ज्वालामुखीची.

बाकी काही राहिलं तरी चालेल, बॉइलिंग लेक, म्हणजे उकळत्या पाण्याचं तळं, चुकवू नका. लोदा गावाजवळच्या टिटू गॉर्ज या अरुंद घळीपासून वाट सुरू होते. जाऊन-येऊन सहा-सात तास धरा. आधी दाट जंगल, मग मोर्न निकोल्सची चढण, आणि तिथून घसरड्या उतारावरून थेट व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये. इथे हिरवाई एकदम संपते. दगडांवर पिवळं गंधक, बाजूने वाहणारे ओढे कुठे दुधी, कुठे काळपट राखाडी, आणि पायाखालून वाफेचा फुसफुसाट. गाइड इथल्या उकळत्या पाण्यात अंडी उकडून देतात. तळं साधारण 60 मीटर रुंद. वाफ जरा हटली की मधोमध पाणी खदखदताना दिसतं. खालच्या तप्त खडकातून येणारे वायू ते सतत ढवळत असतात. गाइड घ्याच. धुक्यात वाट सापडत नाही, आणि त्या दरीत एक पाऊल चुकलं तर पाय भाजतो. परतल्यावर टिटू गॉर्जच्या गार पाण्यात उतरा, पायांना फार बरं वाटतं.

उरलेल्या दिवसांत ट्रॅफल्गार धबधबे, शॅम्पेन रीफ (समुद्राच्या तळातून बुडबुडे येतात, त्यातून स्नॉर्केलिंग) आणि एखादा दिवस कालिनागो वस्तीत. कॅरिबियनचे हे मूळ रहिवासी. त्यांच्या हातची कसाव्याची (साबुदाणा ज्यापासून होतो त्या कंदाची) भाकरी गरम असतानाच खा. स्पर्म व्हेल इथे बारा महिने असतात, तेव्हा बोटीसाठी सकाळ राखून ठेवा. लांबची पायपीट हवी असेल तर वाइटुकुबुली ट्रेल आहे, 14 टप्प्यांचा. 2017च्या मारिया वादळात बेटाची फार हानी झाली होती, त्यामुळे कुठला टप्पा खुला आहे ते तिथे विचारूनच निघा.

फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत कोरडा. भारतातून मायामीमार्गे जाणार असाल, तर विमान बदलण्यापुरतं उतरायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. सुरुवात तिथूनच करा.